पुडीची घडी

समोरच्या बाईंना मी पाण्यात पाहत होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घेणार नाही. त्या काळात कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, "छे, आपल्याला काय करायचं? ज्याचं त्याचं नशीब." आणि हे म्हणतानाही माझी नजर रस्त्यापलीकडं त्यांच्या दुकानासमोर किती सायकली उभ्या आहेत त्यावर असती.

सक्करदऱ्याला तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं औषधांचं दुकान होतं. वडिलांनी काढलेलं. वडील एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. डॉक्टर वारले तेव्हा खरल, तराजू, काचेची मापं आणि त्यांचे अर्धे पेशंट वडिलांच्या वाट्याला आले. वडिलांच्या मागून मी गादीवर बसलो. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. दुकानात काम केल्याच्या अनुभवावर नाव नोंदवून घ्यायची सोय होती, तशी माझी नोंदणी झाली आणि ते सर्टिफिकेट मी चांगल्या जाड फ्रेममध्ये लावून घेतलं. खेड्यातून बुधवारच्या बाजाराला येणारी माणसं मला 'डॉक्टरसाहेब' म्हणत. मी त्यांना कधी सुधारलं नाही.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. समोर सायकलदुरुस्तीचं दुकान होतं ते उठलं, पांढरा चुना लागला आणि एक दिवस पाटी चढली. दुकान काढणारी एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई होती. वडील गिरणीत, घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं, आणि बाई स्वतः युनिव्हर्सिटीतून फार्मसीची डिग्री घेऊन आलेल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी डिग्री. फ्रेम साधी होती, पण डिग्री ती डिग्रीच. पहिल्याच दिवशी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मी माझी समजूत घातली होती. आमच्या बाजूच्या आळीतले लोक त्या बाईंच्या हातचं औषध घेणार नाहीत, असं मी गृहीत धरलं होतं. हे लिहिताना आता लाज वाटते, तेव्हा मात्र दिलासा वाटला होता. तो दिलासा दोन महिनेसुद्धा टिकला नाही. आधी बायका जायला लागल्या, मग म्हातारे, मग ज्यांच्या ओट्यावर त्या बाईंना पाणी वरून वाढलं असतं त्या घरांतली माणसंसुद्धा. ताप आला की जात बाजूला राहते.

त्यांची एक पद्धत होती, तिनं मला सगळ्यात जास्त छळलं. औषध देताना पाकिटावरची तारीख लाल पेन्सिलीनं गोल करायच्या आणि गिऱ्हाइकाला वाचायला लावायच्या. वाचता येत नसेल तर आकडे बोटानं दाखवून म्हणून घ्यायच्या. मापाचे चमचे उकळून ठेवायच्या. मिक्श्चरच्या बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी आम्हीही कापून लावायचो, पण त्यांच्या पट्टीचे सगळे दात सारखे असायचे. मी दुकानातून बघायचो आणि माझी कात्री वाकडी चालायची.

एके दिवशी आमच्या घरातल्या खिडकीत त्यांच्या दुकानाची बाटली दिसली.

"तू काहून गेली वं तिकडं? घरचं दुकान असून?" मी बायकोला विचारलं.

"बायकायचं राहते काही काही," ती भांडी घासता घासता म्हणाली. "तुमच्या काउंटरवर चार माणसं उभी राहतात. त्यायच्यासमोर सांगू का मी?"

"मले सांगायचं ना मग."

"तुमाले सांगतलं का तुमी म्हणता, काही होत नाही, आईकडे जाऊन ये चार दिवस. बाई विचारते तरी, कवापासून दुखून राहिलं म्हणून."

दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही, आणि तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

पण मी घसरलो तो त्यानंतर चार-सहा महिन्यांनी. बायकोच बातमी घेऊन आली. "बाईनं ड्रग इन्स्पेक्टरच्या जागेचा अर्ज भरला म्हणते. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. किती हुशार आहे नाही? लग्नाचं स्थळ आलं होतं, म्हणे आधी हे होऊ द्या."

मी जेवत होतो, घास तोंडात फिरायला लागला. दुकान समोर चालतं इथवर मी कसंबसं गिळलं होतं. आता ही बाई सरकारी साहेब होणार, हातात वही घेऊन माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढणार, माझ्या कपाटांची दारं उघडायला सांगणार आणि मी 'हो जी, बाईसाहेब' म्हणत किल्ल्या देणार! मला ते सगळं ताटासमोर बसल्या बसल्या दिसलं. अंगाचा तिळपापड झाला.

आणि कपाटं उघडली असती तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. माझ्याकडं हजार कॅप्सूलचा एक मोठा डबा होता, टेट्रासायक्लिनचा. त्यातून सुट्या कॅप्सूल काढून मी कागदाच्या पुडीत बांधून द्यायचो. खोकला, जुलाब, गळू, सगळ्याला तेच. डब्यावरची तारीख केव्हाच उलटून गेली होती. वर पत्र्याचं छप्पर, आणि आमचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. चूर्ण जितकं जुनं तितकं मुरतं, असं वडील म्हणायचे. मी ते इंग्रजी औषधालाही लावून टाकलं होतं. कॅप्सूल उघडून आतली पूड कशी झाली आहे हे मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर डबा फेकावा लागला असता.

मी एक पत्र लिहिलं. डाव्या हातानं, म्हणजे अक्षर ओळखू नये. बाई दुकानात नसतात, बिलाविना आलेली औषधं लपवून ठेवतात, लोकांच्या जिवाशी खेळ चालला आहे, वगैरे. खाली 'एक जागरूक नागरिक'. यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की मुलाखतीच्या आधी त्यांच्या नावापुढं काहीतरी लागावं. पत्र पाकिटात घालून औषध खात्याच्या पत्त्यावर टपालात टाकलं.

त्याआधी स्वतःचं दुकान मात्र आवरलं. इन्स्पेक्टर या रस्त्यावर आला तर इकडेही वळणार, एवढी अक्कल होती. तो डबा घरामागं खड्डा करून पुरला. फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटल्या आणि बायकोचं दही बाहेर काढलं आणि धनुर्वाताची इंजेक्शनं एकटीच शहाण्यासारखी मांडून ठेवली. फळ्या पुसल्या.

दहा-बारा दिवसांनी इन्स्पेक्टर साहेब आले. पुण्याकडचे होते, शांत बोलायचे. आधी माझ्याच दुकानात शिरले. मी उठून उभा राहिलो.

"समोर तपासणी करायची आहे," ते म्हणाले. "दोन पंच लागतात. तुम्ही धंद्यातले आहात, तुम्हाला कळेल. येता का?"

मला आनंद लपवता आला नाही. सरकारी कामात पंच म्हणजे शेजारपाजारचा प्रतिष्ठित माणूस, जे सापडेल ते डोळ्यांनी पाहून खाली सही करणारा. माझ्या पत्राचं फळ मलाच बसल्या जागी बघायला मिळणार होतं. दुसरा पंच म्हणून साहेबांनी पलीकडच्या शिंप्याला घेतलं आणि आम्ही तिघे रस्ता ओलांडून गेलो.

त्या दुकानात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. बाई काउंटरमागं होत्या, म्हणजे पत्रातली पहिली तक्रार तिथंच मेली. साहेबांनी लायसन्स पाहिलं, खरेदीची बिलं पाहिली, विषारी औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का ते ओढून पाहिलं. किल्ली बाईंनी पर्समधून काढून दिली. फ्रीजमध्ये थर्मामीटर होतं, आणि बाजूला खिळ्याला एक वही, त्यात सकाळ-संध्याकाळचं तापमान लिहिलेलं. रविवारचंसुद्धा! साहेबांपेक्षा मीच जास्त तपासत होतो. मापाच्या काचेवर एखादा डाग, फळीवर एखादी उलटलेली तारीख, कोपऱ्यात झुरळ, काहीतरी असेल म्हणून मान लांब करून बघत होतो. काही नव्हतं. तराजूच्या पारड्यात माझा चेहरा दिसत होता इतकं ते पुसलेलं होतं. मला रडूच आलं असतं.

"तक्रार आहे म्हणून विचारतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइलमधून माझं पत्र काढून काउंटरवर ठेवलं. "बिलाविना आलेली औषधं आहेत का तुमच्याकडं?"

मला वाटलं, बाई नाही म्हणतील आणि विषय संपेल. बाई म्हणाल्या, "आहेत, साहेब."

त्यांनी खालच्या खणातून एक पत्र्याची डबी काढली. तिला कुलूप होतं आणि वर चिठ्ठी डकवलेली, 'विक्रीसाठी नाही. नष्ट करणे.' डबी उघडून त्यांनी पत्राच्या शेजारीच ठेवली. आत कागदाच्या पुड्या होत्या, वीस-पंचवीस तरी असतील.

माझ्या पुड्या होत्या त्या.

साहेबांनी एक पुडी सोडली, आतली कॅप्सूल उघडून कागदावर झटकली. पिवळी पूड पडायला हवी होती. पडली ती काताच्या रंगाची.

"हे खाऊन माणसाची किडनी जाईल," साहेब म्हणाले. "कुठून आल्या या?"

"लोकायजवळ होत्या. मी बदलून दिल्या. माह्याजवळच्या चांगल्या दिल्या आणि ह्या ठेवून घेतल्या. कचऱ्यात टाकल्या तर कोणी उचलून खाईल, म्हणून कुलपात ठेवल्या."

साहेब पुडीचा कागद निरखत होते. मग त्यांनी माझं पत्र हातात घेतलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पत्र काउंटरवर सपाट बसत नव्हतं. मी ते पाकिटात घालताना पुडीसारखं घातलं होतं. आधी तिसरा भाग आत, मग कड दुमडून, मग दोन्ही टोकं आणि शेवटी एक कोपरा दुसऱ्याच्या पोटात खोचलेला. वडिलांनी शिकवलेली घडी ती. आयुष्यभर दिवसाला शंभरदा घातलेली. अक्षर लपवायला मी डावा हात वापरला होता, घडी मात्र दोन्ही हातांनी आपोआप घातली गेली. असलं गाढव कंपाउंडरच्या पोटीच जन्माला येतं.

साहेबही औषधशास्त्रच शिकून आलेले. त्यांनी पत्र त्याच चुण्यांवरून हळूच परत मिटलं आणि डबीतल्या एका पुडीजवळ ठेवलं. एक मोठी, एक लहान, एवढाच फरक. बाईंनी ते पाहिलं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमचा अर्ज आमच्याच खात्यात गेलाय, मला माहीत आहे. या पुड्या कोणत्या दुकानातल्या, ते सांगा. मी लिहून घेतो आणि तुमचा विषय संपतो. नाव दिलं नाहीत, तर मुदतबाह्य औषधं तुमच्या ताब्यात सापडली एवढंच उरतं. मला शेरा द्यावा लागेल. मुलाखतीला तो शेरा पोचेल."

मी मनात नवसावर नवस बोलत होतो.

"नाव नाही सांगत, साहेब," बाई म्हणाल्या.

"का?"

"नाही सांगत."

साहेबांनी उसासा टाकला आणि पंचनामा लिहायला घेतला. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचला आणि कागद माझ्याकडं सरकवला. पेन देताना ते म्हणाले, "तुम्ही धंद्यातले. ही घडी कुणाची, सांगू शकाल?"

एवढं सोपं केलं होतं त्यांनी. एक शब्द बोललो असतो तरी पुरे होता.

"साहेब," मी म्हटलं, "पुडी सगळे अशीच बांधतात."

शिंपी जमिनीकडं बघत होता. त्याच्या घरीही माझ्याच पुड्या जायच्या. मी सही केली. आणि खरं सांगतो, त्या क्षणी सुटल्याच्या आनंदाइतकाच बाईंच्या गप्प राहण्याचाही मला हेवा वाटत होता. असं गप्प मला जन्मात राहता आलं नसतं.

नंतर साहेब माझ्याही दुकानात आले. फळ्या पाहिल्या, फ्रीज उघडून पाहिला. "व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "फारच व्यवस्थित आहे. नुकतंच आवरल्यासारखं." त्यांना लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. स्कूटर सुरू करताना त्यांनी माझ्या नमस्काराला नमस्कार केला नाही.

पुढच्या महिन्यात हुकूम आला. बाईंचं लायसन्स पंधरा दिवसांसाठी निलंबित. समोर कुलूप लागलं आणि माझ्याकडं गर्दी लोटली. किती दिवसांनी! मी पांढरा कोट शिवून घेतला होता तो घातला. पहिल्याच सकाळी एक म्हातारी आली, गुडघ्यासाठी गोळ्या घेतल्या, आणि पाकीट माझ्याकडं परत सरकवलं.

"तारीख कुठं आहे जी? वाचून दाखवा."

"मी का खोटं देतो का, आजी?"

"तसं नाही बापा. बाईनं सांगतलं, औषध कोणी का देईना, तारीख वाचून घ्याची. गोल करा ना लाल."

माझ्याकडं लाल पेन्सिल नव्हती. तिच्यामागच्यानं तेच विचारलं, त्याच्या मागच्यानंही. पंधरा दिवस मी लोकांना तारखा वाचून दाखवत होतो. दुकान माझं, कोट माझा, गर्दीसुद्धा माझी, आणि जो आला तो त्या बाईंचा होऊन आला. मला कोट अंगावर टोचायला लागला. आठव्या दिवशी तो काढून ठेवला तो पुन्हा घातला नाही.

कुलूप निघालं त्या आठवड्यात बायकोनं सांगितलं, "बाईले मुलाखतीले नाही बोलावलं. शेरा होता म्हणते." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी पंच होते ना? तुमाले तर सारं माहीत असन." मी हो म्हटलं आणि पाणी प्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी समोर गेलो. माफी मागायला गेलो असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. मला छळत होतं ते वेगळंच. हिनं माझं नाव न घेऊन माझ्यावर उपकार का करावा? तिच्या उपकाराखाली मी का राहावं?

बाई बिलं लावत होत्या. मी म्हटलं, "बाई, तुमाले माहीत होतं. पुड्याही माह्या, पत्रही माहं. मग काहून नाही घेतलं माहं नाव?"

त्यांनी बिलं खाली ठेवली.

"मनात होतं, भाऊ. तोंडावर आलं होतं," त्या म्हणाल्या. "पण मी नाव घेतलं असतं, तर या रस्त्यावरचा एक एक माणूस म्हणला असता, समोरच्याचं दुकान चालते म्हणून जळते बाई. दोन पिढ्यायचं दुकान तुमचं. आमचं कोण खरं धरणार होतं? साहेब एक मानले असते. मले इथं रोज बसायचं आहे."

माझा स्वतःचा रोग त्यांच्या नावावर मांडला गेला असता, आणि तो मांडणाऱ्यांत सगळ्यात पुढं मी असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"मी सांगतो ना," मी एकदम म्हटलं. "अजूनही जातो साहेबांकडं, लिहून देतो. शेरा काढून घेतील."

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "मुलाखती झाल्या, भाऊ. जागा भरली. आता तुमी सांगसान, तर लोक म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. मोठेपणाही तुमालेच भेटन. राहू द्या."

मी राहू दिलं. त्यानंतर किती वर्षं आम्ही समोरासमोर बसलो, आणि इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी त्यांचा शब्द पाळतो आहे.